नाकसाहेबांचा राजीनामा

नाकसाहेबांना घाण सहन होत नसे. तशी ती कुणालाच होत नाही, पण आपण रुमाल लावतो आणि पुढं जातो. हा माणूस थांबायचा, नाक आक्रसायचा आणि घाण नेमकी कुठून येतेय ते चारचौघांत बोलून दाखवायचा. उंच, काटकुळा देह आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी नासकं दूध पुढं ठेवल्यासारखा भाव. बांधकाम खात्यात ते माझे पहिले साहेब. नाव आम्हा पोरांनीच ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

साइटवर आले की आधी रेती मुठीत घेऊन हुंगायचे. मातीचा वास आला की ती मूठ ठेकेदाराच्या तळहातावर रिकामी करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "याच्यात वांगे लाव गा, चांगले येतील." ठेकेदार हसायचा. साहेब हसायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत तो ढीग उचलला गेलेला असायचा.

त्यांचा खरा राग होता तो क्यूबवर. स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे चौकोनी ठोकळे करून प्रयोगशाळेत दाबून बघायचे, हा नियम. आमच्याकडे रीत अशी की ठोकळ्यांसाठी वेगळं घमेलं कालवायचं, त्यात सढळ हातानं सिमेंट घालायचं, आणि स्लॅबमध्ये काय जाईल ते जाईल. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. साहेब म्हणत, "हे म्हंजे पोरगी दाखवाची एक आन लग्न लावाचं दुसरीसंग." ते ठोकळे स्वतःसमोर भरून घेत, म्हणून त्यांच्या बदल्या फार झाल्या.

निवृत्त झाल्यावर ते नागपुरात सक्करदऱ्याला राहायला आले आणि स्थापत्य अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या आमच्या शाखेत जीव ओतू लागले. संस्थेचं काम काय, तर धंद्याची पातळी राखणं, सरकारनं विचारलं तर निर्भीडपणे मत देणं. असं घटनेत लिहिलंय. प्रत्यक्षात काय चालायचं ते मी साहेबांबरोबर जाऊन डोळ्यांनी पाहिलंय. मुख्यालयाचा पाहुणा यायचा, शाल, श्रीफळ, संत्रा बर्फी, कुणीतरी परदेशी पुलांवरचा निबंध वाचायचा आणि मागच्या रांगेत टेंडरं ठरायची. मला ओकारी यायची. मी एकदा साहेबांना म्हटलं, तुम्ही या उकिरड्यात जाताच कशाला? ते म्हणाले, "सरकार पगार देते, म्हणून आपन सरकारपुढं बोलत नाही. मंग बोलावं कोठं? एवढी एकच तं जागा हाये."

सत्तर-बहात्तरच्या सुमाराला कळमेश्वरच्या बाजूला एका शाळेचं नवं बांधकाम चाललं होतं. मी त्यावर कनिष्ठ अभियंता. तिथल्या पोर्चचा स्लॅब रविवारी कोसळला. शाळेचा दिवस असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मी पुरा करू शकत नाही. मला निलंबित केलं. आरोप असा की मी सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या टेकूफळ्या, मुदतीआधी काढल्या. वास्तविक मुदत उलटून गेल्यावर त्या काढल्या होत्या. दोष होता तो काँक्रीटात, आणि स्लॅब टाकला त्या दिवशी मी साइटवर नव्हतोच. एका मंत्र्याच्या दौऱ्यासाठी विश्रामगृहाचे पडदे धुऊन लावायला वरिष्ठांनी मला पाठवलं होतं. इंजिनिअरिंग शिकून पडदे लावले, आणि त्याच दिवसाच्या काँक्रीटपायी गुन्हेगार ठरलो. क्यूब मात्र पास झालेले होते, नेहमीसारखेच.

खात्यानं संस्थेच्या शाखेकडे तज्ज्ञांचं मत मागितलं. शाखेनं तिघांची समिती नेमली. शाखेचे अध्यक्ष, त्यांचा एक होयबा आणि नाकसाहेब. अध्यक्ष हे त्या ठेकेदाराचे व्याही. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिघं जागेवर गेले. साहेबांनी मलब्यातला एक तुकडा उचलून मुठीत दाबला, त्याचा भुगा झाला. तो त्यांनी अध्यक्षांच्या पुढ्यात धरला. अध्यक्षांनी गॉगल पुसला आणि जेवायला उशीर होतोय म्हणाले.

अहवालात टेकू लवकर काढल्याचंच लिहिलं गेलं. साहेबांनी सही केली नाही. शाखेच्या बैठकीत राजीनामा टेबलावर टाकला, "तुमच्या पंगतीत मले बसाचंच नाही," म्हणाले आणि निघून आले. नागपूरभर वाहवा झाली. मीही दुसऱ्या दिवशी आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. साहेब ओसरीवर आंघोळ करून बसल्यासारखे प्रसन्न होते. "मी हात धुऊन टाकले बाप्पा," म्हणाले.

काकू आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचे हात धुऊन झाले. याचं काय? तुमी उठून आले, आता त्या कागदावर याच्या बाजूनं लिवणारा कोन उरला?"

साहेबांनी कप उचलला नाही. संस्थेचा नियम त्यांना पाठ होता. समितीतल्या सदस्यानं भिन्नमत दिलं तर ते अहवालासोबत पाठवावंच लागतं, मुख्यालयाचीच तशी सक्ती. पण ते सदस्याचं हवं. राजीनामा टाकून आलेले साहेब आता कुणीच नव्हते. अहवाल वार्षिक सभेत मंजूर होऊन खात्याकडे जाणार होता, राजीनामाही तिथंच मंजूर व्हायचा होता, म्हणजे तोवर तो मागे घेता येत होता.  मग साहेब मला म्हणाले, "सभेले तू बी ये."

सभा दुपारी, जेवणासकट. साहेब धुतलेला कोट घालून आले आणि राजीनामा मागे घेतो म्हणाले. अध्यक्षांना तेवढ्यानं कसं भागणार? त्यांनी साहेबांना व्यासपीठावर बोलावून माइक हातात दिला. "सदस्यांपुढं एकदा दिलगिरी व्यक्त करा, म्हणजे विषय मिटला." खाली लोक गोळाभात चापत हसत होते. ज्या माणसानं मंत्र्यापुढं मान तुकवली नाही, त्यानं त्या थोबाडांपुढं हात जोडले आणि "माझी चूक झाली" म्हटलं. मी खाली बघत होतो. अध्यक्षांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं बासुंदी वाढली. साहेबांनी ती वाटी पूर्ण संपवली.

मग त्यांनी तोंड पुसलं. "मी आता सदस्य हाओ ना? तसं लिवून घ्या," असं सचिवाला सांगितलं. ते लिहून झाल्यावर कोटाच्या खिशातून भिन्नमत काढलं आणि उभं राहून वाचलं. क्यूब, वेगळं घमेलं, भुगा झालेला तुकडा आणि व्याही, एकही गोष्ट सोडली नाही. हॉलमध्ये चमच्यांचे आवाज थांबले. अध्यक्ष म्हणाले, हे नियमात बसत नाही. साहेबांनी कलम सांगितलं. मुख्यालयाचा पाहुणा तिथंच बसलेला होता, त्याला मान हलवावी लागली.

परतताना त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि कडेला जाऊन सगळं जेवण ओकून टाकलं. मी पाठ चोळत होतो. चूळ भरून ते म्हणाले, "साला, आंगी लागलं नाही." मला हसूही आलं आणि रडूही.

भिन्नमत अहवालासोबत खात्याकडे गेलं आणि मी निर्दोष सुटलो. ठेकेदाराचं काय झालं विचाराल, तर त्याला पुढं याहून मोठं काम मिळालं. साहेबांनी मला आग्रह करून सदस्य केलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते स्वतः प्रत्येक सभेला जात राहिले. त्यांना कुणी बोलू द्यायचं नाही. तरी ते जायचे आणि हात वर करून बसायचे.

ते गेले तेव्हा शाखेनं शोकसभा घेतली. तोच अध्यक्ष, आता म्हातारा झालेला, माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "त्यांचं या संस्थेवर नितांत प्रेम होतं." त्या तोंडून ते वाक्य ऐकून मला शिसारी आली. त्याहून वाईट म्हणजे ते खरं होतं. उठून निघून जावं, असं फार वाटलं. दारही उघडं होतं. मी बसून राहिलो, आणि शोकप्रस्तावानंतर इतर विषय पुकारले गेले तेव्हा हात वर केला.