दहा किलोमीटर, पाच मिनिटं आणि आईंची जपमाळ

मुंबईहून येताना आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, विमान वाटेत इतकं हादरलं, की जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं, "आता एकदा मला पुण्याला पोचवा. नंतर विमानाचं नाव काढायचं नाही!" परतीचा दिवस जवळ आला तरी निर्णय कायम. मला मात्र त्या पुन्हा यायला हव्या होत्या. माझ्या लेकीला, पाच वर्षांच्या इराला, मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मन. आजी आल्यापासून कुठे एखादा मराठी शब्द तोंडातून निघायला लागला होता.

नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघीच गाडीने उत्तरेला निघालो. हार्लेझील हे टोकाचं छोटं बंदर, समोर वांगरओग बेट. मध्ये जेमतेम दहा किलोमीटर. विमानाने पाच मिनिटं, बोटीने तासाच्या वर. "मी बोटीनेच," आईंनी निघतानाच बजावलं होतं.

वाटेत आउटोबान या महामार्गावर बाउश्टेले, म्हणजे रस्त्याचं काम. त्यात भर, एका थांब्यावर दशम्या-चटणी खायला आईंनी रीतसर सतरंजी अंथरली. पोचलो तर बोट गेलेली, समोर नुसता चिखल. (तुम्ही जाणार असाल तर बोटीच्या वेळा आधी बघा. भरतीप्रमाणे त्या रोज बदलतात.)

"अगं, समुद्र कुठे गेला?" आईंनी विचारलं.

"एबे!" इरा म्हणाली.

"ओहोटी म्हण," मी म्हणाले.

"ओहोटी."

पुढची बोट थेट संध्याकाळी. आईंनी चिखलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाचच मिनिटं ना? चल."

बांधालगतच धावपट्टी आहे. विमान एवढंसं, की आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जास्त माणसं मावतील. भाडं बोटीपेक्षा बरंच जास्त आणि सामान थोडकंच नेता येतं. काउंटरवरच्या बाई प्रत्येकाचं वजन विचारतात, विमानाचा तोल सांभाळायला. आईंनी ते माझ्या कानात सांगितलं, मी हळूच पुढे सांगितलं, आणि इराने खणखणीत जर्मनमध्ये सगळ्यांना ऐकवलं.

"झालं! आता पुण्यालाही कळव," आई म्हणाल्या.

उडताना त्यांच्या एका हातात जपमाळ, दुसऱ्यात माझं मनगट. डोळे गच्च मिटलेले. थोड्याच वेळात चाकं टेकली.

"काय झालं? परत फिरलो का?"

"आई, पोचलो."

"अगं, माझी माळ अर्धीसुद्धा झाली नाही!"

बेटावर मोटारी नाहीत. सामान हातगाडीवर, आपण पायी. वारा भन्नाट, तेव्हा टोपी बांधूनच फिरा. शाकाहारी माणसाला मिल्शराईस, म्हणजे गोड दूधभात, मिळतो. "खीरच की," आई म्हणाल्या, "वेलदोडा तेवढा विसरलेत." पण वाटी चाटूनपुसून संपवली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात पायलटने आईंना खूण करून आपल्या शेजारी बसवलं. मी मागे इराचा पट्टा पुन्हा पुन्हा तपासत होते. तेवढ्यात इंजिनाच्या आवाजावर त्यांचा आवाज आला, "इरा, खाली बघ, ओहोटी!" माळ पर्समधून बाहेरच आली नव्हती.

आता घरी कपडे वाळत आहेत आणि बुटांतून अजून वाळू निघते आहे. बेट सुंदर आहे, नक्की जा. पण माझ्यापाशी उरलं ते काल संध्याकाळचं. देवापुढे माळ ठेवता ठेवता आई सहज म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला खिडकीची जागा बघा."

पुढच्या वेळी! माझे डोळेच भरून आले. चित्र रंगवत बसलेली इरा मात्र मान वर करून म्हणाली,

"आजी, कधी?"