कार्डाला विचारणारे सर

“आधी विचारू, मग सांगू,” असं म्हणत सर मेमरी कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ फडक्यानं पुसायचे. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान, शेजारी त्यांचं, बंद पडलेल्या कार्डांतले फोटो, गाणी परत काढून देण्याचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, गिऱ्हाईकापेक्षा त्याच्या वस्तूशी जास्त बोलणारी. ‘किती वेळ लागेल?’ असं कुणी विचारलंच, तर कार्डाकडे बोट दाखवायचे. “ते ह्याच्यावर आहे.”

दुसऱ्या दुकानात संगणकावर कार्ड दिसलंच नाही की दुकानदार हात वर करायचे. सरांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो कार्डातल्या चिपला थेट हुकूम सोडायचा: तू कोण? जागं आहेस का? कुलूप आहे का? उत्तर आलं की सर म्हणायचे, “बोललं.”

नवऱ्याच्या तपासणीला वडूजहून येणाऱ्या एका मावशींनी एकदा पदराची गाठ सोडून कार्ड पुढं केलं. त्यांचा मुलगा कोयनेच्या घाटात टेम्पोसकट गेला होता. फोनचा चुरा झाला, कार्ड तेवढं वाचलं. पण त्याला त्यानं पासवर्ड घातलेला.

“त्यात त्याचा आवाज हाय, दादा. गाणी म्हणायचा.”

“कुठला शब्द ठेवला असेल?”

मावशींनी गावाचं नाव सांगितलं, बहिणीचं, लाडक्या शेळीचं. सर एकेक शब्द पाठवत गेले. कार्ड दाद देईना. मावशी हळूच म्हणाल्या, “माज्याच पोटचा. पर त्याच्या मनातलं मला कायबी म्हाईत न्हाई.” मग म्हणाल्या, “नुसतं उघडा तरी.”

सरांनी कीबोर्डवरचे हात काढले. “एक हुकूम आहे, मावशी. कुलूप निघेल, पण आतलं सगळं पुसूनच.”

“मग ऱ्हाऊ द्या. आत हाय न्हवं?”

“आहे.”

त्यानंतर दर फेरीला मावशी कार्ड पदराला बांधून, एखादा नवा शब्द आठवून यायच्या. सर हातातलं काम ठेवून तो पाठवायचे. एकही लागला नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भावकीनं संगणक भंगारात घातला. प्रोग्रॅमही त्यातच गेला.

पुढच्या फेरीला मावशी आल्या, बंद शटरपाशी थांबल्या. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता कार्डाचं विचारतील.

“जवळ कोण हुतं त्यांच्या?”

“कोणी नव्हतं.”

मुलाचं सांगतानाही त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. समोरच्या दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. त्या उठल्या नाहीत.