साकव काढला, गडगा ठेवला

राजश्री शितपला कुणी "तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?" असं विचारलं, की ती समोरच्याकडे अशी बघते की विचारणारा चहाच्या कपात तोंड घालतो. कॉलेज तिने बाहेरूनच बघितलंय. रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती. तिथे एक कॉम्प्युटर दुपारचा रिकामा पडायचा, आणि रिकामी पडलेली वस्तू हिला बघवत नाही. लोकांचे दाखले आणि लग्नाच्या पत्रिका छापता छापता ती वेबसाइट बनवायला शिकली. कशी शिकली म्हणाल, तर मोडून. दुसऱ्याची उघडायची, आतलं हलवायचं, बंद पडली की कशाने पडली ते शोधत बसायचं.

आता मारुती मंदिराकडे तिची स्वतःची खोली आहे. पुण्यामुंबईच्या कंपन्या ज्यांचा फोनही धड उचलत नाहीत, असली माणसं तिच्याकडे येतात. बचत गट, लहान आंबेवाले, मच्छीवाल्या. त्यातलीच एक खतिजाचाची. जयगडच्या अलीकडच्या एका गावात ती आणि तिच्या गटातल्या बायका जवळा, सोडे, बोंबील सुकवून विकतात. राजश्रीने त्यांना वेबसाइट करून दिली. तिचे दोन भाग. एक दुकान, जिथे माल घ्यायचा. दुसरा कट्टा, जिथे गिऱ्हाईक विचारतं, "चाची, जवळ्यात वाळू नाय ना?" आणि चाची लिहिते, "दाताखाली कचकच आली तर माल परत, वर चार शिव्या पण द्या." माल खरा खपायचा तो या कट्ट्यावरच्या बोलण्याने.

दोन्ही सॉफ्टवेअरं राजश्रीने इंटरनेटवरून फुकट घेतलेली. पण ती एकमेकांना ओळखायची नाहीत. दुकानात एकदा नाव-पासवर्ड टाकायचं, कट्ट्यावर परत टाकायचं. लोक वैतागून निघून जायचे. तेव्हा राजश्रीने दोघांना जोडणारा एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं साकव. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, गावातली माणसं लाकडं टाकून पायापुरता पूल बांधतात, तो साकव. एकदा नाव टाका, दोन्हीकडे फिरा. एवढं जमल्यावर तो आपल्यापुरता ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकला आणि खाली आपल्या मराठीत लिहिलं, "सामाईक आहे. कोणीही न्या." सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या गटांनी तो नेला. त्या दिवसांत हिची मान जरा ताठच होती, आणि का नसावी?

मग एप्रिलच्या शेवटी सर्वेशची मेल आली. हा मूळ चिपळूणचा, पुण्यात नोकरीला. दुकानाचं ते सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून लिहितात, त्यांतला हा एक. मेल इंग्रजीत होती, गोड होती, आणि सांगत होती की साकव इंटरनेटवरून काढा. खाली नंबर होता. राजश्रीने तो लगेच फिरवला.

"मी राजश्री शितप बोलतेय. तुम्ही मला चोर म्हणालात."

"मॅडम, तसं मी कुठेच लिहिलं नाही."

"इंग्रजीत लिहिलंत म्हणून गोड लागेल होय? अहो, दुकान फुकट, कट्टा फुकट, मी माझा साकवपण फुकटच वाटतेय. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"फुकट दोन्ही आहेत," सर्वेश म्हणाला. "मोकळं एकच आहे."

"कोडी घालू नका."

"कट्टा एका कंपनीचा आहे. त्यांनी वापरायला दिलाय. आत हात घालायला नाही, वाटायलाही नाही. तुम्ही त्याचे तुकडे उचलून साकवात घातलेत. आमच्या दुकानाची अट उलटी आहे. आमच्यात जे मिसळून वाटाल, ते सगळं आमच्यासारखंच मोकळं वाटायचं. आता एक म्हणतो सगळं द्या, दुसरा म्हणतो काही देऊ नका. दोघांचं ऐकून दाखवा."

"मग तुमची अट जरा सैल करा की. गरीब बायकांचं काम आहे."

"मी कोण सैल करणार? हजारो लोकांनी लिहिलंय ते. तुम्हीच खाली लिहिलंय ना, सामाईक? गावाला तुमची सामाईक जमीन असेल. एकट्याच्या सहीने चालतं?"

राजश्रीने फोन ठेवून दिला.

लागलं ते नेमकं तिथेच होतं. तिच्या आत्मारामकाकाने सामाईक जागेतला साग एकट्याने विकला, तेव्हा तहसील कचेरीत जाऊन काकाला उभा-आडवा घेणारी हीच. सगळ्यांच्या सह्या कुठायत, म्हणून टेबलावर हात आपटणारी हीच. आणि हिने काय केलं होतं? एका काठाच्या मालकाने सांगितलं होतं, चाला, पण खिळे ठोकू नका. हिने त्याच्या काठावर खिळे ठोकून साकव उभारला आणि वर सामाईकची पाटी लावली. बरं, त्याची अट काही लपलेली नव्हती. आपण सगळे जिथे न वाचता 'मान्य' दाबून मोकळे होतो, तिथेच ती लिहिलेली होती.

तिने दोन्ही अटी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. कंपनीला विनंती केली, तेवढे तुकडे मोकळे करा. उत्तर आलं की आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. आभाराने कुणाचा जवळा खपत नाही. तिने साकव इंटरनेटवरून काढला आणि ज्या गटांनी नेला होता त्यांना कळवलं, चूक माझी आहे, वापरू नका. काहींनी कुत्सित उत्तरं दिली. तिने ती गिळली, आणि ही बाई गिळते म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक.

राहिली खतिजाचाची. तिची वेबसाइट अजून साकवावरच चालत होती. कुणाला कळणार होतं, असं कुणीही म्हणेल. पण दुसऱ्याच्या सातबाऱ्यात घुसणाऱ्यांशी भांडून जिने नाव कमावलं, तिला रात्री झोप तर लागली पाहिजे? आणि हा मे महिना. लोक पावसाळ्याची सुकी मासळी भरून ठेवतात ते दिवस. याच दिवसांत कट्टा बंद, म्हणजे बायकांचं वर्ष गेलं.

ती एसटीने गावात गेली. चाची अंगणात जवळा उलटत होती.

"ये गो बाय. तोंड का असं, पापलेट महाग झाल्यासारखं?"

"चाची, कट्टा बंद करायला लागेल."

"आता? मे महिन्यात?" चाचीचा हात थांबला. "कुणाचं वाकडं केलं आपण?"

राजश्री सांगायला लागणार, तेवढ्यात पलीकडून हाक आली. शेजारची जनीबाय. दोघींच्या अंगणांमध्ये काळ्या दगडांचा कमरेएवढा गडगा.

"खतिजा, तुझा टोप घे गो. फणसाची भाजी घातलीय."

"रिकामा दिलास तरी चाललं असतं."

"रिकामा टोप कोण देतं? आणि आज सोमवार, तुझा जवळा देऊ नको हा. उद्या दे."

"तुझ्या देवाला सांग, एक दिवस नाक बंद कर."

जनीबाय हसत आत गेली. चाचीने टोप कडेला ठेवला. राजश्री गडग्याकडे बघत राहिली.

"चाची, तुम्ही तिच्या चुलीपर्यंत कधी गेलात?"

"कशाला जाऊ? तिची चूल तिची, माझी माझी. मला काय हवं ते मी हितून ओरडते, ती तिथून देते."

"आणि गडगा?"

"त्याला काय होतंय? बरा आहे. नायतर तिच्या कोंबड्या माझा जवळा खातील."

राजश्री उठलीच. चहा ठेवला होता तोही घेतला नाही, त्यावरून चाचीने पाठमोरीला दोन शब्द ऐकवले.

साकवाने दोघांना एकमेकांत ठोकलं होतं. खरं तर ठोकायची गरजच नव्हती. कंपनीने कट्ट्याला बाहेरून निरोप द्यायला एक खिडकी ठेवलेली होती, आणि ती कुणीही वापरावी असं त्यांनीच लिहिलं होतं. राजश्रीने तिकडे कधी बघितलंच नव्हतं, कारण आत घुसणं सोपं होतं. आता तिने कंपनीची एकही ओळ घेतली नाही. दुकानाच्या अंगणात नवा प्रोग्राम लिहिला, दुकानाच्याच अटीवर, सगळा मोकळा. गिऱ्हाईक दुकानात आलं की तो खिडकीतून कट्ट्याला नुसती चिठ्ठी देतो, हे माणूस ओळखीचं आहे, आत घ्या. कट्टा आपल्या घरी, दुकान आपल्या घरी. कट्टा मध्ये चार दिवस बंद राहिला खरा, आणि त्या चार दिवसांत चाचीने तिला रोज फोन करून छळलं.

प्रोग्राम सर्वेशला दाखवला. त्याने बघायला वेळ घेतला, मग स्वतःच फोन केला.

"यात आता कुणाचंच काही मोडत नाही. आम्ही आमच्या यादीत घालू, तुमच्या नावाने. फक्त नाव बदलू या का? जोडणाऱ्या वस्तूला गडगा कोण म्हणतं? गडगा म्हणजे भिंत."

"चिपळूणचे ना तुम्ही?"

"हो."

"मग आईला फोन करा आणि विचारा, शेजारणीशी कुठे उभी राहून बोलतेस."

सर्वेश हसला. नाव तेच राहिलं.

कुत्सित उत्तर देणाऱ्या गटांतल्या एका बाईने गडगा सगळ्यात आधी उतरवून घेतला. आभार मानले नाहीत, पण कसा बसवायचा ते विचारायला फोन केला, आणि राजश्रीने तिला ते सावकाश समजावून सांगितलं. इकडे खतिजाचाचीच्या कट्ट्यावर मुंब्र्याच्या कुणी लिहिलं, "चाची, दोनदा पासवर्ड टाकायचा त्रास परत सुरू झाला नाय ना?" चाचीने खाली लिहिलं, "नाय. सोडे संपत आलेत, बोलत नको बसू."