नकार घ्यायला आलोय

माझ्या थोरल्या दिरांइतका रीतभात पाळणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर देव त्याच्या भावजयीला बळ देवो. माणसं रागावली की सभ्यपणा विसरतात. आमचे दादा सभ्यपणापायीच रागावतात, तेही दिवसभर. डोंबिवलीत त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते प्रत्येकाला नमस्कार करतात आणि उलट नमस्कार आल्याशिवाय उतरत नाहीत. राहतात दुसऱ्या मजल्यावर, पण कानात इअरफोनची बोंडं खुपसलेल्या एका पोरासाठी ते सातव्यापर्यंत गेले. त्याने शेवटी बोंडं काढून "काय झालं अंकल?" विचारलं, तेव्हा म्हणाले, "काही नाही, नमस्कार." तो पोरगा हल्ली जिन्याने जातो.

वागळे इस्टेटमध्ये त्यांचा नळाचे रबरी वायसर बनवायचा गाळा आहे. तिथे आलेल्याला आधी खुर्ची, मग पाणी, मग काम. शेजारचा गाळा शोधत चुकून आत शिरलेल्या माणसालाही यातून सुटका नाही. वर दादा त्याला शेजारी पोचवून, ओळख करून देऊनच परततात. कामासाठी भेटून गेलेल्या पण न घेतलेल्या प्रत्येक उमेदवाराला ते स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहितात: आपण वेळ काढून आलात, आभारी आहे, या वेळी जमत नाही, वाट पाहू नये. टिटवाळ्याचा एक फिटर ते कार्ड घेऊन पुन्हा आला होता. इतक्या ठिकाणी गेलो, पण नाही म्हणून सांगणारे तुम्ही पहिलेच, म्हणाला. दादांना याचं कौतुक वाटायचं सोडून संतापच आला, बाकीच्या सगळ्यांचा.

हा संताप माझ्या घरीही चपला काढून आत येतो. मी कुरियरवाल्याला दार न उघडता "ठेवा तिथेच" म्हटलं, तर पाहुण्यांसमोर मला ऐकवलं की दारात माणूस आहे, मांजर नाही. तेव्हापासून ते येणार असले की मी आधीच दार सताड उघडून ठेवते. डास येतात.

तर माझ्या मुलीने, ऋतुजाने, ठाण्यातल्या एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीत तीन मुलाखती दिल्या. दोन दिवसांत कळवतो म्हणाले. सात आठवडे झाले. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. शिकल्यासवरल्या, गळ्यात ओळखपत्रं लटकवणाऱ्या या लोकांना कोणाच्या पोरीच्या तोंडचं पाणी पळतंय याची फिकीर नसते, आणि मला अजूनही ते आठवलं की डोकं फिरतं. ती फोन उशाशी घेऊन झोपायची. तिकडे कल्याणच्या एका छोट्या ऑफिसने तिला नोकरी देऊ केली होती. शनिवारपर्यंत सांगा, म्हणाले होते. तिने त्यांनाही काही कळवलं नव्हतं.

हे दादांना शुक्रवारी सकाळी समजलं. आधी ऋतुजालाच बोलले, की ते तुला लटकवतायत तसं तू कल्याणवाल्यांना लटकवतेयस. मग त्या ठाण्याच्या कंपनीत चल म्हणाले. ते तमाशा करतील या भीतीने मीही निघाले.

काउंटरवरच्या मुलीने अपॉइंटमेंट आहे का विचारलं.

"नाही. नोकरी मागायला आलो नाही," दादा म्हणाले. "नकार घ्यायला आलोय. तेवढा द्या, आम्ही जातो."

नकार द्यायचं खातं तिथे नसावं. तिने चार ठिकाणी फोन फिरवले. सिक्युरिटीवाला आम्हाला उठवायला आला. दादांनी त्याचं गाव विचारलं, आणि तो पाणी घेऊन आला. तीन तास आम्ही त्या मऊ सोफ्यावर ताठ बसलो होतो. ऋतुजा शरमेने लाल झाली होती. मी दादांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एक मुलगी बाहेर आली. त्या जागेवर महिन्यापूर्वीच दुसरं कुणी लागलंय, म्हणाली. "सॉरी, कळवायचं राहून गेलं."

दादा उठले आणि हात जोडून आभारी आहे म्हणाले. ऋतुजाही थँक यू म्हणाली. रिक्षात बसल्यावर मात्र ती हमसून रडायला लागली, आणि माझा तोल गेला.

"झालं तुमचं समाधान?" मी म्हटलं. "पोरीला रडवलंत ना?"

दादा चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "त्यांचं राहून गेलं. पण आता तिकडून काही येत नाही, हे तुला तर कधीच कळलं होतं. तू का नाही सांगितलंस तिला?"

रोज संध्याकाळी "येईल गं फोन" म्हणणारी मीच होते.

ऋतुजाने डोळे पुसले आणि कल्याणला फोन लावला. आधी उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, मग जागा आहे का विचारलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून दादा तेवढा वेळ तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. सोमवारपासून या, म्हणाले ते लोक.

आता ती तिथे रुळली आहे. दादा येतात, चहा घेतात, जाताना चहा छान झाला होता म्हणतात. त्या दिवशी रिक्षात त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. अनोळखी लोकांच्या दारात उत्तरासाठी तीन तास बसणारा हा माणूस माझ्याकडे मात्र कधीच ते मागत नाही.