झील आल्याशिवाय पुढची ओळ नाही

पुंजाजीकाकांच्या गायन पार्टीचा नियम साधा होता. काकांनी पेटीवर ओळ टाकायची, मागच्या चौघांनी झील धरायची, ‘जी जी रं जी!’, आणि समोर बसलेल्यांनी ती उचलायची. झील आली तर पुढची ओळ. नाही आली, तर लोकांना गाणं पटलेलं नाही असं समजून पेटीवरचा हात काढून घ्यायचा.

डोणगावच्या आजूबाजूला या पार्टीशिवाय भीमजयंती होत नसे. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बियाण्याच्या पाकिटावरची कपाशी तेवढी पांढरीशुभ्र राहिली, वावरात वेचायला काही उरलं नाही. पार्टीतले एकेक जण कामासाठी बाहेर पडले. ढोलकीवाला कचरू पुण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. काकांनी त्या अळीवर गाणंही बांधलं होतं, पण ते गायचं कुणाबरोबर? पेटी बंद झाली ती झालीच.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी आमच्या छोट्याशा कॉलेजनं जयंती मोबाईलवर करायची ठरवली. काकांची मुलगी समता तिथंच बीएला. तिनं बापाचं नाव परस्पर देऊन टाकलं.

“मले इचारलं काऊन नाई?”

“इचारलं असतं तं हो म्हटलं असतं काय तुमी?”

“नसतंच म्हटलं!”

“म्हून नाई इचारलं.”

“अन् माही पार्टी? ते कुठून आनू?”

“घरात तोंड पाडून बसता, त्यापरीस मोबाईलपुढी बसा,” सिंधूकाकू चुलीपासून म्हणाल्या.

समतानं सरळ पुण्याला फोन लावला.

“पुंजाभाऊ, ढोलकी तं नाई इथं,” कचरू म्हणाला. “लोखंडाचा टेबल हाय गेटवर. चालते काय?”

“तू असला म्हंजे चालते लेका.” बऱ्याच दिवसांनी काकांनी पेटीवरची धूळ पुसली.

कार्यक्रमाच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून बसले. समतानं मोबाईल तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवला. सूत्रसंचालन कापड दुकानदाराच्या मलिहाकडे होतं. गोंगाट नको म्हणून तिनं काकांचा सोडून सगळ्यांचे माईक बंद केले आणि गोड आवाजात म्हणाली, “जय भीम, काका. करा सुरू.”

काकांनी डोळे मिटले.

“पाकिटावर कपाशी हसे, वावरात हसे अळी...”

आणि थांबले. झील नाही. डोळे उघडले, तर मोबाईलवरच्या चौकोनांतली तोंडं नुसती हलताहेत. कचरू टेबल बडवतोय, आवाज नाही. काकांनी पेटीवरचा हात काढला.

“नाई पटलं लोकायले. बरोबरच हाय. गळा ऱ्हायला नाई आता.”

ते उठले. पडद्यावर फक्त गुडघे.

“बाबा, बसा!” समता ओरडली. “मलिहा, उघड वं सगळ्यायचे माईक!”

माईक उघडले तशी कुकरची शिट्टी आली, शेळी आली, कुणाची तरी माय आली, “कोन गाऊन राह्यलं वं?”

काका बसले. तीच ओळ पुन्हा टाकली. आता झील आली, पण फुटून आली. आधी डोणगाव, मग सुलतानपूर, मग मेहकर. सगळं शांत झाल्यावर एकटा कचरू, “जी जी रं जी!”, आणि टेबलावर दोन थापा. पोरं खो खो हसली.

“कचरूभाऊंचा माईक बंद करा,” एक प्राध्यापक म्हणाले. “ताल बिघडतोय.”

“बंद नाई कराचा!” काका कडाडले. “पुन्याहून येऊन राह्यला तो. टाइम लागनच ना!”

मग त्यांनी ओळ टाकली की भाता हलवत सूर धरून ठेवायला सुरुवात केली. “आलं डोणगाव... हाव, सुलतानपूर आलं... मेहकर, लवकर या रे पोट्टेहो... ये कचरू, ये...” कचरू पोचला की पुढची ओळ. दुसऱ्या कडव्याला सिंधूकाकूही पिठाच्या हातानं येऊन मागे बसल्या आणि झील धरू लागल्या.

गाणं एवढं लांबलं की प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहूनच गेलं. पाहुणेही झिलीतच होते.

“आता कोनतं घेऊ?” काकांनी विचारलं. डोणगावनं सांगितलं, सुलतानपूरनं सांगितलं. काका मात्र पेटीवरचा हात न काढता, पुण्याचं उत्तर येईपर्यंत सूर धरून बसले.