रंगाऱ्याची लेक आणि जांभळी लेस

...हां, तर लिही पुढं, बाळा, ही आजी सांगते तसं. समोरचा रंगारी रे, कपडे रंगवून देतो, हात कोपरापर्यंत निळे, तोच. त्याची लेक सदा काळ्या कपड्यांत, डोळ्यांत बोटभर काजळ. गल्लीतली पोरं विचारायची, आज कोण गेलं गं? ती म्हणायची, तुम्ही अजून आहात ना, त्याचंच दुःख. जीभ अशी तिखट.

पण बापलेकीचं बोलणं बंद होतं. त्यानं विचारलेलं, तू आहेस तरी काय? ती म्हणाली, गॉथ. काळे कपडे, उदास गाणी, असलं काही परदेशी खूळ. पण नेमकं म्हणजे काय, ते तिला धड सांगता येईना. त्यानं तिच्या मैत्रिणींना विचारलं. एक म्हणे सगळं गाण्यात आहे, दुसरी म्हणे कपड्यांत, तिसरी म्हणे या दोघी गॉथच नाहीत. बाप चिडला. म्हणाला, आधी ठरवून ये, मग बोल माझ्याशी.

बापाची माया कुठं जाते पण? एकदा तिच्या खोलीत कपड्यांचा ढीग दिसला. मैत्रिणींचेही होते त्यात, कसल्याशा कार्यक्रमासाठी जमवलेले. याला वाटलं, काळा रंग उडालाय. तोंडानं बोलायचं नाही, तर हातानं तरी काही करावं. उचललं सगळं नि बुडवलं एकाच पातेल्यात. काळंकुळकुळीत करून, इस्त्री मारून, घड्या घालून ठेवलं.

लेक आली नि घड्या मोडून बघायला लागली. "बाबा, ही लेस जांभळी होती, मैत्रिणीच्या आईची. हा झगा मुद्दाम विटवलेला. आणि हा तर गुलाबी होता."

"गुलाबी? तुमच्यात?"

"असतात गुलाबीवालेही."

मग एकेक कपडा उचलून सांगत बसली. हा जुन्या राण्यांसारखं नटणाऱ्यांचा, हा साखळ्या लावणाऱ्यांचा, हा साधा सदरा नुसती गाणी ऐकणारीचा. बापाचा चहा गार झाला, तरी हलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे आपली भावकीच की गं. घर एक, नि जो तो म्हणतो खरा वारस मीच."

इतक्या दिवसांनी हसली पोर. पण मैत्रिणीला काय तोंड दाखवू, म्हणून लगेच रडलीही.

काळ्यावर जांभळा चढत नाही रे बाळा, कितीही बुडव. म्हणून त्यानं कोरी पांढरी लेस आणली, मनासारखा रंग येईस्तोवर पुन्हा पुन्हा बुडवली. काठ शिवायला माझ्याकडं टाकलीय. स्वतः द्यायला लाजतो मेला. झाली शिवून. ऊठ आता, ही त्याच्या लेकीला नेऊन दे. आणि सांग, आजीची नाही, बापाची आहे.