कागदी कपाविना कॉफी

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी घराच्या पुढच्या खोलीत कॉफीचे दुकान सुरू केले. दुकान हा शब्द जरा मोठा आहे. दोन बाकडी, एक शेगडी, पितळी फिल्टर आणि गल्लीकडे उघडणारे दार, एवढाच त्याचा विस्तार. क्रांती चौकाच्या गर्दीतून आत शिरले की तीन वळणांनंतर आमची गल्ली लागते. तेथे चहा दर दहा पावलांवर मिळतो. फिल्टर कॉफी कोणी करत नाही. माझी पत्नी हुबळीकडची होती. ती असताना आमच्याकडे दोन वेळा कॉफी होत असे. ती गेल्यावर तोच फिल्टर एकट्याला फार मोठा पडू लागला. तो निम्म्याहून कमी भरला तर अर्क पातळ उतरतो, हे मी बरेच दिवस तपासून पाहिले. फिल्टर पूर्ण भरायचा तर पिणारे हवेत. दुकानाचे खरे कारण हे होते. विचारणाऱ्यांना मात्र मी सांगत असे, की वेळ चांगला जातो.

सुरुवातीला मीही कागदी कपच आणले. जवळच्या बँकेतले कर्मचारी आणि शिकवणी वर्गातली मुले कप हातात घेत आणि लगेच चालू लागत. दुपारपर्यंत कचऱ्याची बादली भरून जाई. तिचे मला काही वाटत नसे. कागद कुजतो, हे मीच वर्षानुवर्षे आठवीच्या वर्गात शिकवले होते.

समोर एका चाचांचे पुस्तकबांधणीचे दुकान आहे. उर्दू किताबांपासून वकिलांच्या दफ्तरांपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून जाते. ते रोज चार वाजता कॉफीला येत. एकदा त्यांनी घरच्यासारखी माझी सुरी उचलून रिकामा कप उभा चिरला, बाकावर सपाट केला आणि खिशातल्या डबीतली खळ त्याच्या आतल्या बाजूला लावली.

"सर, याला तुमी कागद म्हणता?"

"कागदच आहे, चाचा."

"मग खळ का धरत नाय? सारी उमर कागद चिकटवण्यात गेली माझी. हे बगा, सरकतंय." त्यांनी बोट पुसले. "अंदर पन्नी लावलीय. पोरांना इतकी सालं काय पढवलं तुमी?"

मी एक कप कुंडीतल्या मातीत पुरला आणि पावसाळा संपल्यावर उकरून काढला. कागद मातीत मिसळला होता. आतला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मात्र कपाचाच आकार घेऊन तसाच उभा होता. त्या दिवसापासून मी कागदी कप बंद केले आणि स्टीलचे पेले आणले. दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'कॉफी येथेच बसून प्यावी. पेला बाहेर नेऊ नये.'

गिऱ्हाईक कमी झाले. बँकेतल्या एका तरुण बाईंनी झाकणाचा स्वतःचा पेला आणायला सुरुवात केली. बाकीचे चहाकडे वळले. पेल्यांमुळे दुसरा प्रश्नही उभा राहिला, तो पाण्याचा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल, हे आमच्या शहरात कोणी छातीठोकपणे सांगत नाही. कचरा वाचवण्यासाठी पाणी उधळणे म्हणजे एक चूक पुसून दुसरी लिहिणे. म्हणून मी एक पद्धत बसवली. दुधाचा चिकटा आधी कॉफीच्या वाळवलेल्या चोथ्याने घासून काढायचा, मग पेला दोन घमेल्यांतून न्यायचा. दुसऱ्या घमेल्यातले पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात जाते आणि पहिल्यातले झाडांना. उरलेल्या चोथ्याच्या बाबतीत माझी फजिती झाली. तो ओलाच कढीलिंबाच्या कुंडीत जाड थापला. वाळल्यावर त्याची अशी खपली धरली, की पाणी वरच्यावर वाहून जाई आणि खाली माती कोरडी राही. चोथा मूठभर घ्यावा, वाळल्या पानांबरोबर मातीत मिसळावा आणि कुजण्यास वेळ द्यावा. हे मी एक झाड गमावल्यानंतर शिकलो.

एका दुपारी चाचांनी अर्धा पेला तसाच ठेवला. बाकावर आणखी दोघे बसले होते. मी त्यांच्यादेखत चाचांना समजावले, की एका पेल्यामागे गोठ्यापासून शेगडीपर्यंत किती दूध, पाणी आणि जळण लागते. चाचा मान हलवून उठले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही नाही.

त्यांचे दार माझ्या बाकावरून दिसते. ते अर्धे उघडे असे आणि आतला दिवा लागलेला असे. गल्ली ओलांडायला बारा पावले लागतात. मी गेलो नाही. शाळेत ज्याला काही सांगायचे असते तो शिक्षकांच्या खोलीत येतो. शिक्षक त्याच्या बाकापाशी जात नाही. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की ती सवय आहे हेही माझ्या ध्यानात येत नव्हते. चार वाजता मी फिल्टर भरत होतो आणि उरलेला अर्क संध्याकाळी ओतून टाकत होतो. त्या तीन दिवसांत मी घरात कोणाशी बोललो नाही. घरात कोणी नव्हतेच.

पाचव्या दिवशी बँकेतल्या बाई म्हणाल्या, "सर, समोरच्या चाचांचा पाय फारच सुजलाय हो. कुणी बघितलं की नाही?"

मी ओलांडून गेलो. चाचा पाय स्टुलावर ठेवून कागदाच्या घड्या घालत होते. गटारावरची फरशी हलून घोटा मुरगळला होता. भाचा सकाळी आणून बसवत होता आणि संध्याकाळी घरी नेत होता.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," मी म्हणालो.

"कशापायी?"

"त्या दिवशी मी दुधावरून बोललो."

"अवो सर, तुमी सगळ्यांनाच बोलता. मी एकटा कुठवर रागावू?"

"निरोप तरी पाठवायचा."

"पाठवला की. परवा गिऱ्हाइकाला म्हणलं, समोरून कॉफी घिऊन ये. ते हात हलवत परत आलं. म्हणलं, बाहेर देत नाय, पाटी लावलीय."

तो माणूस मला आठवला. त्याला मी दहा मिनिटे प्लास्टिकच्या पापुद्र्याबद्दल सांगितले होते.

"तुम्हीच तर खळ लावून दाखवलीत, चाचा."

"हौ. पन्नी बुरी है, असं म्हणलो. पेला घरातून काढू नका, असं कवा म्हणलो?"

याचे खरे उत्तर सांगण्यासारखे नव्हते.  कागदी कप माणसाला घेऊन जातो. स्टीलचा पेला रिकामा होईपर्यंत माणसाला बसावे लागते. कचऱ्याचे कारण खोटे नव्हते. पण 'पेला बाहेर नेऊ नये' हे वाक्य मी कचऱ्यासाठी लिहिले नव्हते. कोणीतरी बसावे म्हणून लिहिले होते. आणि ज्याच्यासाठी लिहिले तोच बारा पावलांवर तीन दिवस कॉफीवाचून राहिला होता.

त्या दिवशी मी दोन पेले घेऊन पलीकडे गेलो आणि चाचांजवळच बसून कॉफी प्यालो. पाटी बदलली. आता तिच्यावर असे लिहिले आहे: 'पेला बाहेर नेता येईल. तो घ्यायला मी येईन.' धंदा लहान असला, की एवढे अंतर पायी चालता येते. मोठ्या दुकानाला ते जमणार नाही, म्हणून ते लहानाने करावे, असे माझे मत आहे.

बँकेने पुन्हा कॉफी मागवायला सुरुवात केली. पाच वाजता मी दुकानाचे दार ओढून घेतो आणि पिशवी घेऊन पेले गोळा करायला निघतो. चाचांकडे थोडा वेळ जातो. बँकेत मात्र पेले आधीच खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवलेले असतात, स्वच्छ धुतलेले, उपडे. मला तसदी पडू नये म्हणून कोणीतरी काळजीने ते करते. आत सगळे मान खाली घालून कामात असतात. मी पेले पिशवीत भरतो, आवाज होऊ देत नाही आणि परत येतो. पेला धुऊ नका, हातात द्या, असे त्यांना सांगावे म्हणतो. अजून सांगितलेले नाही.